ओवीसमोर रडायचं नाही

माझी बायको वारल्यावर चौथ्या दिवसापासून तेराव्याच्या दुपारपर्यंत आमच्या घरात कोणीही रडलं नाही, आणि याचं सगळं श्रेय माझं आहे.

केजला बसस्टँडच्या पाठीमागे माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट, बारसं, वाढदिवस, लग्न आणि मयताचे मोठे फोटो (फ्रेमसहित) असा माणसाचा सगळा प्रवास मी दहा बाय बाराच्या एका खोलीत उरकून देतो. चौदा वर्षं मी लोकांना "हसा" म्हणतोय आणि लोक हसताहेत. लहान लेकरांचे फोटो ही तर माझी खासियत. त्यामुळे लेकरांच्या मनातलं मला सगळं कळतं, असा माझा समज होता.

आणि बरंचसं कळतही होतं. तीन महिन्यांचं लेकरू कोणाकडेही बघून हसतं, अगदी छताच्या पंख्याकडेसुद्धा. तेव्हा आम्हा फोटोग्राफरांची चांदी असते. आठव्या-नवव्या महिन्यात त्याला आपलं-परकं कळायला लागतं आणि ते मला बघून भोकाड पसरतं. मग आईला कॅमेऱ्याच्या मागे उभं करायचं. लेकरू आधी आईचं तोंड वाचतं. आई हसली म्हणजे हा दाढीवाला आपल्याला खात नाही, असा त्याचा निकाल लागतो आणि मग ते हसतं. थोडक्यात काय, तर घरच्यांच्या तोंडावर जे दिसतं तेच लेकराच्या पोटात उतरतं. हे मला पाठ होतं. (अर्धंच पाठ होतं, पण ते नंतर कळलं.)

सुनीता तापानं गेली. सहा दिवसांत सगळं आटोपलं. ओवी तेव्हा अकरा महिन्यांची होती.

पहिले तीन दिवस सगळं रीतीप्रमाणे चाललं. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला येणारी बाई गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढते. आत आली की घरातल्या बाईच्या गळ्यात पडते. गेलेल्या माणसाचे गुण एकेक करून सांगत दोघी रडतात, मग पाणी पितात, डोळे पुसतात आणि "तुमच्याकडं पाऊस कसा हाय?" असं विचारतात. चांगली पद्धत आहे. निदान आता माझं तसं मत आहे. पण त्या तीन दिवसांत येणारी प्रत्येक बाई रडता रडता ओवीला मांडीवर ओढून घ्यायची आणि तिच्या टाळूवर आसवं गाळायची. ओवी या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. नुसती दाराकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आलो त्या दुपारी, सुनीताची एक लांबची आत्या आली. तिचा आवाज खणखणीत. तिनं ओवीला उचललं आणि तिच्या कानाशीच असा हंबरडा फोडला, की ओवीनं तोंड उघडलं, श्वास आत घेतला आणि तो सोडलाच नाही. तोंड उघडं, आवाज नाही. ओठ निळे पडले. माझ्या आईनं, म्हणजे मायनं, तिला हिसकावून घेतलं आणि तोंडावर जोरात फुंकर मारली, तेव्हा कुठे श्वास परत आला. "घटकाभर बी न्हवतं रं ते," असं माय नंतर म्हणाली. पण तेवढ्यात माझं जे व्हायचं ते झालं. एक नुकतीच गेली होती आणि दुसरी माझ्या डोळ्यांसमोर निळी पडली होती. आयुष्यात मला तेवढी भीती कधी वाटली नव्हती.

घाबरलेला माणूस नियम करतो. मीही संध्याकाळी केला.

"माय, उद्यापासून ओवीसमोर कोणी रडायचं न्हाई. हसायचं."

"आरं, घरात मयत झालंय."

"मला म्हाईत न्हाई का?"

"मंग हसायचं कशाकडं बघून?"

"ओवीकडं बघून. तिला वाटलं पाहिजे, सगळं बेस चाललंय."

मायनं हसून दाखवलं. तिचे पुढचे दोन दात गेलेले आहेत आणि तीन रात्रींचं जागरण होतं. ते हसू बघून मलाच कसंतरी झालं.

"जरा डोळ्यानं बी हास की, माय."

"डोळ्यानं न्हाई जमायचं. व्हटावर भागव."

चौथ्या दिवसापासून अंमलबजावणी सुरू झाली. सकाळी ओवीनं डोळे उघडले की आमचे दोघांचे दात समोर. दूध पाजताना दात. आंघोळ घालताना दात. मी फोटोग्राफर, त्यामुळे माझं हसू तासन् तास टिकायचं. मायचं मात्र अर्ध्या तासात संपायचं. मग ती ओवीला माझ्याकडे देऊन स्वयंपाकघरात जायची आणि मिक्सर लावायची. मला आधी वाटलं, स्वयंपाक चाललाय. पण मिक्सर दिवसातून पाच-सहा वेळा लागायला लागला. त्या घरघरीच्या आड ती रडून घ्यायची आणि भांडं रिकामं फिरवणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून त्यात शेंगदाणे टाकायची. आठवडाभरात आमच्याकडे शेंगदाण्याच्या चटणीचे चार डबे भरले. भेटायला येणाऱ्याला जाताना चटणी मिळते, अशी गल्लीत बातमी झाली.

येणाऱ्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. एकेकीला गल्लीत गाठून समजावणं मला जमेना. शेवटी स्टुडिओतून एक कागद छापून आणला आणि दारावर चिकटवला: "घरात लहान बाळ आहे. कृपया हसतमुखाने आत यावे." (खाली हात जोडलेलं चित्रही टाकलं होतं. कामात कसूर ठेवायची नाही, ही माझी सवय.) लांबून रडत आलेल्या बाया दाराशी थबकायच्या, वाचता येणारी न येणारीला वाचून दाखवायची, आणि मग दोघी पदर तोंडावर धरून परत जायच्या. त्यांना हसू आवरत नव्हतं की रडू, हे विचारायची सोय नव्हती.

स्टुडिओच्या शेजारी रशीदभाईंचं गॅरेज आहे. ते आले. सहा फूट उंच, हात ग्रीसनं काळे, तोंडावर कायम कुणाचं तरी इंजिन उघडून बसल्यासारखा भाव. कागद वाचून ते दारातच उभे राहिले.

"दत्ताभाई, मला हसायला येत न्हाई. आमच्या घरात कुणालाच येत न्हाई."

"थोडंसं. बच्चीसाठी."

रशीदभाई आत आले, भिंतीला टेकून बसले आणि हसले. इतका प्रामाणिक प्रयत्न मी कुठल्याही गिऱ्हाइकात पाहिलेला नाही. दहा मिनिटं ते हसू तसंच धरून बसले आणि त्या दहा मिनिटांत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून दाढीत मुरत होतं. (सुनीता त्यांना राखी बांधायची.) उठताना ते म्हणाले, "एक बात बोलू? ती माझ्याकडं बघत न्हाई, मायकडं बघत न्हाई. सारखी तुमच्या तोंडाकडं बघती. जसं काय तिथं काही लिव्हलंय आन तिला वाचता येत न्हाई."

मी म्हटलं, "हेच तर पाहिजे, भाई. बघू द्या."

अकराव्या दिवशी नांदूरघाटचे नामदेवकाका आले. हे नात्यातले नव्हेत. लग्नं जुळवतात, मी लग्नांचे फोटो काढतो, एवढाच संबंध. माझं हसरं तोंड बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"बरं वाटलं बघा. माणसानं सावरलं पाहिजे. लेकरू लहान हाय, घरात बाईमाणूस पाहिजे. माझ्या साडूची पोरगी हाय, बारावी झाली—"

ओवी माझ्या मांडीवर होती आणि तिचे डोळे माझ्या तोंडावर. काकांना चपलांसकट गल्लीत फेकावं असं मला मनापासून वाटत होतं. मी बत्तीस दात दाखवले.

"काका, आसलं बोलू नका."

"आवो, लाजायचं काय त्यात?"

"लाजत न्हाई. उठा आन जावा."

"जातो की. फोटू तेवढा ठिवून जातो."

"काका," मी गोड हसत म्हणालो, "आनखी एक शब्द बोललात तर मी तुमाला हाणीन."

काका मांडीवर थाप मारून हसले. "लई गमती हाव तुमी," म्हणाले आणि चटणी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना धारूरला काहीतरी काम होतं. तिथे त्यांनी माझ्या होकाराची आनंदाची बातमी चार लोकांना सांगितली. सुनीताचं माहेर धारूरचं.

इकडे बाराव्या दिवशी मी फोटोच्या कामात होतो. तेराव्याला हार घालायला मोठा फोटो लागतो. आता गंमत अशी, की फोटोग्राफरच्या बायकोचा हसरा फोटो घरात एकही नव्हता. कॅमेरा उचलला की ती ओठ घट्ट मिटायची. "तुमी गावाला हसवा. मला हसायचं तवा मी माझी हसंन," म्हणायची. ते मिटलेले ओठ ओवीला रोज भिंतीवर दिसणार, हे मला पटेना. म्हणून मी कॉम्प्युटरवर सुनीताच्या ओठांचे कोपरे जरासे वर उचलले. मग अजून जरासे. मग मधून थोडे दात. रात्री फ्रेम घरी आणली, तेव्हा माय फोटो बघून सरळ मिक्सरकडे गेली.

तेराव्याला साडेअकराच्या सुमाराला धारूरची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. मागच्या खेपेला, राख सावडल्यावर, माझ्या सासूची साखर वाढून ती चक्कर येऊन पडली होती, म्हणून मेव्हणा बालाजी तिला परत घेऊन गेला होता. आता दोघं तेराव्याला आले होते. सासूला आम्ही मामी म्हणतो. मामी जीपमधून उतरल्या त्या गळा काढूनच.

"आगं माझ्या सुनीऽ, कुठं गेलीस गंऽ—"

दारात मी ओवीला कडेवर घेऊन उभा, शेजारी माय. दोघंही ठरल्याप्रमाणे हसतोय. मामींची पावलं सावकाश झाली. बालाजीनं दारावरचा कागद वाचला आणि मग, का कोण जाणे, मोठ्यानं वाचला. "हसतमुखाने आत यावे." मामींचं रडणं मधेच तुटलं. त्या आत आल्या. समोर पाटावर फोटो, फोटोला हार.

"ही कोन हाय?"

"सुनीता, मामी."

"माझी सुनी आशी कवा हासली?"

ओवी बघत होती. मी हसलो.

"जावई, तुमी दात कावून काढताव?"

"ओवी बघती म्हनून, मामी."

बालाजी पुढे आला. "दाजी, नांदूरघाटची सोयरीक ठरली म्हनं तुमची?"

"न्हाई रं, बालाजी. कुनी सांगितलं तुला?" हेही मी हसतच म्हणालो. आणि ते वाक्य हसत म्हटलं की किती खोटं वाटतं, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं.

"तुमी आधी दात मिटा, दाजी."

मी प्रयत्न केला. खरं सांगतो, मनापासून केला. पण दहा दिवसांच्या सवयीनं गाल जागचे हलेनात. ओठ मिटले की आपोआप बाजूला ताणले जायचे. पंगतीला जमलेली भावकी बघत होती, आचारी बघत होता, आणि मी बायकोच्या तेराव्याला हाताच्या बोटांनी स्वतःचे गाल खाली ओढत होतो. कुणीतरी मागून "येडं झालं का काय हे?" म्हणालं.

मामींनी माझ्या कडेवरून ओवीला घेतलं.

"ज्या घरात माझ्या लेकीसाठी टिपूस न्हाई, तिथं माझी नात ऱ्हानार न्हाई. बालाजी, जीप लाव."

भावकीतल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. लहान लेकरू आहे, आजीजवळ राहील, चुकीचं काय, असा एकंदर सूर होता. मीही मनात तेच म्हणत होतो. मला दूध पाजता येत होतं, लंगोट बदलता येत होता, पण मी आणखी तिला काय देत होतो? दात. म्हणून मी त्यांच्या मागे मागे जीपपर्यंत गेलो, पण अडवलं नाही. तिला पाठवायचं तर हसत पाठवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मामी पुढच्या सीटवर बसल्या. ओवी मांडीवर. बालाजीनं जीप चालू केली. त्या आवाजानं ओवी दचकली. तिनं मामींच्या तोंडाकडे पाहिलं. दहा दिवसांपूर्वी पाहिलेलं तोंड, ओळख बुजलेली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. मग तिनं नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं. मी हसलो.

आणि ओवी हसली.

वरचे दोन, खालचे दोन, असतील तेवढे सगळे दात तिनं दाखवले. ओठ कानापर्यंत ताणले. डोळे मात्र भेदरलेले होते आणि दोन्ही मुठी मामींच्या पदरात आवळलेल्या. लेकराच्या हसण्याचे हजारो फोटो मी काढले आहेत, आणि ते हसू नव्हतं. ते माझं तोंड होतं. भीती वाटली, आपलं माणूस सुटायला लागलं, की दात दाखवायचे, एवढं मी माझ्या अकरा महिन्यांच्या पोरीला दहा दिवसांत शिकवलं होतं.

मी तिथेच खाली बसलो. पंगतीची भांडी धुतलेलं पाणी गल्लीतून वाहत होतं, त्यात बसलो. आणि माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. (रशीदभाई त्या वेळी गल्लीच्या कोपऱ्यावर होते. त्यांना वाटलं, जीपचा पट्टा तुटला. ते पाना घेऊन पळत आले.) मी सुनीताचं नाव घेत होतो, एवढं मला आठवतं. बाकी काय काय बोललो, ते भावकी अजून सांगते आणि मी ऐकत नाही.

ओवीचे दात मिटले. तिनं तोंड उघडलं, श्वास आत घेतला आणि तो अडकला.

मी उठायला गेलो तर पाय घसरून परत त्याच पाण्यात. मामींनी तिच्या तोंडावर फुंकर मारली. एक. दुसरी. तिसऱ्या फुंकरीला ओवीचा आवाज फुटला. तेरा दिवसांत एकदाही न रडलेलं लेकरू दोन्ही हात माझ्याकडे करून रडायला लागलं. ते बघून बालाजीचा धीर सुटला. त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्याच्या कपाळाखाली हॉर्न दाबला गेला. तो हलेना आणि हॉर्न थांबेना. माय चपला न घालता पळत आली आणि माझ्या शेजारी बसून तिनं उघड्यावर, मिक्सरशिवाय, सुनेच्या नावानं गळा काढला.

मामी खाली उतरल्या. ओवीला घेऊन आमच्यासमोर बसल्या.

"घ्या," म्हणाल्या.

"मामी, मी रडतोय. तिनं बघितलं तर—"

"बघू द्या. तिची माय गेलीया. तिला आतापतुर कुनी सांगितलंच न्हाई."

ओवीनं माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि बराच वेळ, हॉर्नच्या आवाजात, आम्ही दोघं रडलो. थकून ती माझ्या खांद्यावरच झोपली. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा अशी गाढ झोपली होती. मामींनी डोळे पुसले, पाणी प्याल्या आणि मला विचारलं, "येवढं व्हतं पोटात, तर ठिवलं व्हतं कुठं?"

"चटणीत," माय म्हणाली.

जीप रिकामी परत गेली. मामी दोन महिने राहिल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तो फोटो पाटावरून काढायला लावला आणि भिंतीवर मिटल्या ओठांचा लावला. नामदेवकाका तेराव्याच्या पंगतीला आले होते. मामी त्यांच्याशी दारातच काय बोलल्या ते कळलं नाही, पण ते न जेवता गेले.

ओवी आता साडेतीन वर्षांची आहे आणि अंगणवाडीत जाते. गेल्या आठवड्यात ताईंनी मला वर्गाचा फोटो काढायला बोलावलं. सतरा लेकरं रांगेत बसवली होती. एक आईसाठी रडत होतं. ओवी त्याच्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत होती.

मी कॅमेरा लावला आणि धंद्यातलं माझं सगळ्यात चांगलं हसू काढून म्हणालो, "चला, हसा बरं सगळे."

एकही पोर हसलं नाही. ताई म्हणाल्या, "आरं, हसा की. ओवीचे पप्पा हायेत ते. त्यांना लई छान हसवता येतं."

"न्हाई वो, ताई," ओवी म्हणाली. "हसायचं त्यांला न्हाई येत. माझ्या पप्पांला रडायला येतं. लई मोठ्यानं. आख्ख्या गल्लीत कुनाला येत न्हाई तसलं."

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. सतरा लेकरं माझ्याकडे बघायला लागली. पोरीला खोटं ठरवावं असं मला फार वाटलं, पण उशीर झाला होता. मी सुरुवात केली होती.